तळघरातली सल्लागार मंडळी

नवा संगणक जुना करून देणारी एक आज्ञावली फुकट मिळते. डॉसबॉक्स तिचं नाव. उभी दुनिया यंत्रं वेगवान करण्याच्या मागे लागलेली असताना काही भल्या माणसांनी 2002 साली हे उलटं काम जगापुढे ठेवलं, आणि ते इतक्या निगुतीनं केलं की थक्क व्हावं. सोळा गीगाबाइट मेमरी असलेल्या लॅपटॉपच्या कानात ही आज्ञावली सांगते, बाबा रे, तू तो नव्हेसच. तू नव्वद सालच्या सुमाराचा एक डबा आहेस. तुझ्या पोटात साउंड ब्लास्टर नावाचं कार्ड आहे, ते 220 या पत्त्यावर राहतं आणि आयआरक्यू 7 वर हाक मारली की ओ देतं. यातलं काहीही खरं नसतं. कार्ड नाही, पत्ता नाही, ओ देणारं कोणी नाही. पण लॅपटॉप निमूट सोंग घेतो. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं उमटतात, ‘झेड’पुढे कर्सर लुकलुकायला लागतो आणि केस पिकलेला एक माणूस ‘डीआयआर’ टाइप करून एंटर मारतो. गरज नसते. तरी मारतो.

हे सोंग कशाला, तर आजची चौसष्ट बिटांची यंत्रं सोळा बिटांचे खेळ चालवायला साफ नकार देतात. जुन्या फायलीवर क्लिक केलं की अत्यंत सभ्य इंग्रजीत सांगतात, हे आमच्याकडे चालत नाही. एक लाख गोष्टी एकाच वेळी करू शकणाऱ्या यंत्राला एका फ्लॉपीवर मावणारा खेळ झेपत नाही, याची मला सुरुवातीला फार मजा वाटली. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ-11 दाबलं की सोंगातलं यंत्र आणखी मंद होतं, एफ-12 नं जरा तरतरीत. नव्वदच्या दशकात हेच काम एक बटण करायचं. कॅबिनेटवर ‘टर्बो’ असं लिहिलेलं असायचं. नाव विमानाचं, काम बैलगाडीचं. पहिल्या आयबीएम पीसीचं घड्याळ 4.77 मेगाहर्ट्झवर चालायचं आणि कित्येक खेळ त्या चालीवरच बेतलेले होते. पुढे वेगवान यंत्रं आली तसे ते खेळ सुसाट सुटले. शत्रू दिसायच्या आत आपण मेलेलो. म्हणून नव्या यंत्राला गरजेपुरतं मठ्ठ करायची ही सोय. आमच्या क्लासमधल्या मुलांना मात्र टर्बो दाबलं की अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. आकडा 66 वरून 33 वर आलेला कोणी बघायचंच नाही.

माझा खेळ या भानगडीतला नव्हता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पहिल्यापासून स्वतःचं घड्याळ बघून चालतो. यंत्र कुठलंही असो, त्याचा तास म्हणजे साठ मिनिटांचा तास. गोष्टही तासाचीच आहे. सुलतान दूर कुठे लढाईवर गेलाय. मागे राहिलेला वजीर जाफर राजकन्येला सांगतो, माझ्याशी लग्न कर नाहीतर मर, विचार करायला एक तास. तिच्यासमोर वाळूचं घड्याळ ठेवून तो जातो. तिचा प्रियकर तळघरात कोंडलेला, हातात शस्त्रही नाही. त्यानं तासाभरात बारा मजले चढून वर यायचं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या त्याला आता दीडशेहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे वजीर म्हटला की त्याच्या पोटात काय आहे हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आम्हीही विचारलं नाही. आम्ही थेट पहिल्या सैल फरशीवरून खाली पडलो.

हे पडणं सांगलीत झालं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावोगाव जे संगणक क्लास निघाले त्यातला एक. चपला बाहेर काढायच्या. आत एसी, आणि तो आपल्यासाठी नाही, संगणकासाठी आहे हे पहिल्याच दिवशी नीट समजावून दिलेलं. वर्डस्टार, लोटस, फॉक्सप्रो असा शहाण्यासारखा अभ्यासक्रम. सगळे मॉनिटर एकरंगी, रंगीत एकच. पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी लागायची आणि ती अलगद पुसण्याची कला येणाऱ्या मुलाला क्लासमध्ये मान होता. सर जेवायला गेले की रंगीत मॉनिटरपाशी गर्दी जमायची, आणि सर जेवायला एक तास घ्यायचे. जाफरची मुदत आणि सरांचं जेवण यांचा असा काही योग जुळला होता की आम्हाला तो खेळाचाच भाग वाटायचा. फरक एवढाच की जाफरचा तास कधी पन्नास मिनिटांचा होत नसे.

आता, प्रिन्स ऑफ पर्शिया हा एकट्यानं खेळायचा खेळ आहे असं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असेलही. आमच्याकडे खोकं आलं नव्हतं, फ्लॉपी आली होती. आमच्या समजुतीप्रमाणे तो सहा जणांचा खेळ होता. एकजण खुर्चीत, पाचजण खुर्चीमागे. खुर्चीतल्याकडे फक्त बोटं. डोकं मागे उभं. आणि त्या मागच्यांचीही कामं न ठरवता ठरलेली होती. एकाचा मावसभाऊ पुण्याला नवव्या लेव्हलपर्यंत पोचलेला असल्यामुळे त्याचा शब्द शेवटचा. एकजण फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. एकजण जिन्यावर कान लावून. एकाचं काम ‘उडी!’ असं ओरडणं, आणि ते तो नेहमी अर्धा क्षण उशिरा ओरडायचा, म्हणजे राजकुमार खिळ्यांवर पडून झाल्यावर. सहावा काही बोलायचा नाही. पण जबड्याच्या दारात राजकुमाराचे दोन तुकडे झाले की तो ‘च्’ असा आवाज करायचा, आणि त्या ‘च्’नं जो अपमान व्हायचा तो नंतरच्या आयुष्यात वरिष्ठांच्या लांबलचक ईमेलनीही झाला नाही.

खेळात एक चोरवाट होती. खेळ सुरू करताना नुसतं ‘प्रिन्स’ न लिहिता ‘प्रिन्स मेगाहिट’ असं लिहिलं की राजकुमाराला दैवी शक्ती मिळायची. शिफ्ट आणि टी दाबलं की आयुष्याचा एक त्रिकोण वाढणार, के दाबलं की समोरचा पहारेकरी जागच्या जागी आडवा. मला आजही नवल वाटतं ते या शब्दाच्या प्रवासाचं. इंटरनेट नव्हतं. खेळांची मासिकं सांगलीपर्यंत येत नव्हती. तरी अमेरिकेत कोणीतरी खेळाच्या पोटात लपवलेला एक शब्द वहीच्या शेवटच्या पानावरून फाडलेल्या चिटोऱ्यांवर बसून पुणं, मिरज करत आमच्यापर्यंत आला, आणि स्पेलिंगसुद्धा न बिघडता आला. पहिल्या मजल्यानंतर एक चमत्कारिक दालन लागायचं, ठिकठिकाणी कुप्या आणि प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतला अमुक शब्द बघा आणि त्याच्या पहिल्या अक्षराची कुपी प्या, असा हुकूम. चुकीची प्यायली की मरण. आमच्या प्रतीत हे कुलूप आधीच कोणीतरी तोडलेलं असल्यामुळे कुठलीही कुपी चालायची. त्यामुळे हे दालन म्हणजे राजवाड्याची काहीतरी रीत असावी, पाहुण्याला आत घेण्यापूर्वी सरबत देत असावेत, अशी आमची समजूत होती. ते दालन खास आमच्यासारख्यांना बाहेर ठेवण्यासाठी बांधलेलं होतं हे पुष्कळ वर्षांनी वाचलं.

वाचलं तसं आणखीही बरंच. जॉर्डन मेकनर हा या खेळाचा कर्ता. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्यानं 1984 साली ‘कराटेका’ नावाचा खेळ काढून नाव मिळवलं होतं. 1985 मध्ये त्यानं धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि गाड्या उभ्या करायच्या एका मोकळ्या जागेत नेऊन पळ, उडी मार, कठड्याला लोंबकळ, असं करत त्याचं चित्रण केलं. मग व्हिडिओ एकेका चौकटीवर थांबवायचा, टीव्हीच्या काचेचा फोटो काढायचा, फोटोतला भाऊ काळ्या मार्करनं आणि पांढऱ्या खोडशाईनं नुसत्या आकारापुरता उरवायचा आणि तो संगणकात घालायचा. राजकुमार पळताना क्षणभर अडखळतो, वळताना तोल सावरतो, कठडा पकडल्यावर त्याचे पाय झुलतात, ते सगळं एका शाळकरी पोराचं आहे. आम्ही खुर्चीमागून बघायचो तेव्हा ‘हा अगदी खराखुरा पळतो’ यापलीकडे बोलता येत नव्हतं. तलवारबाजीसाठी 1938 सालचा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ कामाला आला. त्यात एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन लढता लढता काही सेकंद अगदी बरोबर बाजूनं दिसतात, तेवढे सेकंद मेकनरनं उचलले. संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं, जे व्यवसायानं मानसशास्त्रज्ञ. एकूण घरगुती मामला. आपल्याकडे गणेशोत्सवातलं नाटक जसं बसतं तसा हा खेळ बसला, फक्त तालमी चार वर्षं चालल्या.

या चार वर्षांतला माझ्या आवडीचा भाग निराळाच आहे. मेकनर खेळ लिहीत होता अ‍ॅपल टू या संगणकासाठी, ज्याचा अवतार 1977 चा. म्हणजे 1989 मध्ये खेळ जन्माला आला तेव्हाच त्याचं यंत्र म्हातारं झालं होतं. मेमरी 128 किलोबाइट. माझ्या लॅपटॉपमध्ये याच्या एक लाख एकतीस हजार बहात्तर पट आहे आणि तो अधूनमधून मेमरी कमी पडतेय म्हणून माझ्याकडे तक्रार करतो. मेकनरनं राजकुमाराच्या देखण्या हालचालींवरच सगळी जागा उधळून टाकली होती. शत्रूला जागाच उरली नाही. मूळ बेतही तोच होता, लढाई नकोच. हा माणूस फक्त फासे आणि खिळे चुकवत पळेल. पण टोमी पियर्स नावाची त्याची एक सहकारी मैत्रीण होती. ती त्याच्या पाठीशी उभी राहून पडद्याकडे बघायची आणि पुन्हा पुन्हा एकच सांगायची, लढाई हवी. याचं उत्तर ठरलेलं, जागा नाही. तिचंही ठरलेलं, लढाई हवी. शेवटी त्यानं काय करावं? नवा माणूस काढायला जागा नाही ना, मग आहे त्याच राजकुमाराचं चित्र स्वतःवरच किंचित सरकवून उलटपालट केलं. त्यातून एक लुकलुकणारी आकृती निघाली. तोच पळ, तीच उडी, तेच अडखळणं; फक्त उजेडाच्या जागी अंधार. खर्च जवळपास शून्य. सावली जन्माला आली. आणि ती आल्यावर खेळ एवढा जिवंत झाला की मग त्यानं इकडून तिकडून जागा काढून पहारेकरीही बसवले.

म्हणजे या खेळातलं सगळ्यात सुंदर पात्र मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कटकटीतून आलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या त्या पाचजणांबद्दल एकदम आदर वाटला. ‘उडी!’ वाल्याबद्दलसुद्धा.

ही सावली चौथ्या मजल्यावर भेटते. वाट संपते आणि समोर उभा आरसा. पुढे जायचं तर धावत येऊन त्या आरशावरच उडी घ्यायची. काच फुटत नाही, राजकुमार पार होतो, पण त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं त्याची सावली उडी मारून निघून जाते आणि राजकुमाराचं आयुष्य एका त्रिकोणावर येतं. (आरशावर उडी मारायची युक्ती प्रथम कोणाला सुचली याचे आमच्यात आजही दोन दावेदार आहेत आणि दोघे एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जातात.) मग ती सावली आपल्याला छळत राहते. पाचव्या मजल्यावर आपण कुपीकडे धावत असताना ती पुढे होऊन औषध पिऊन टाकते. सहाव्यावर नेमक्या फरशीवर पाय ठेवून तोंडासमोर दार पाडते आणि आपण खाली. आमच्या क्लासमध्ये जाफरबद्दल कोणाच्या मनात वैर नव्हतं. जाफर शेवटी भेटणारा, कोणी पाहिलेलाही नव्हता. वैर होतं ते या सावलीशी.

तर असा हा खेळ परवा मी पुन्हा लावला. मिळवणं अवघड नाही. मेकनरची मूळ अ‍ॅपलवरची आज्ञावली मधली पुष्कळ वर्षं हरवलेली होती; 2012 मध्ये त्याच्या वडिलांनी घर आवरताना सापडलेलं एक खोकं पाठवलं, त्यात फ्लॉप्या निघाल्या, जाणत्या लोकांनी त्या वाचल्या आणि त्यानं ती जगाला खुली करून टाकली. डॉसवरचा अवतार 1990 चा. इंटरनेट आर्काइव्हनं 2015 साली डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले, त्यात हाही आहे. मधल्या काळात राजकुमाराचे पुढचे भाग आले, 2003 मध्ये त्याला वाळूच्या जोरावर काळ मागे नेता यायला लागला, 2010 मध्ये सिनेमा आला. ते सगळं असो. काळ मागे नेता येणाऱ्या माणसाला सैल फरशीची भीती कसली?

पहिली अडचण आकाराची. खेळाचं चित्र 320 बाय 200, म्हणजे अख्ख्या पडद्यावर चौसष्ट हजार ठिपके, तेही चौकोनी मॉनिटर धरून काढलेले. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणलं की राजकुमाराला पोट सुटतं. ताणलं नाही तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे. मी पट्टे पत्करले; पोट सुटलेला माणूस उड्या मारताना मला पडद्यावर बघायचा नव्हता. शिवाय हौशी लोकांनी जुन्या काचेच्या मॉनिटरच्या बारीक आडव्या रेघा, कडांचा फुगवटा, किंचित धुकट झाक हे सगळं नव्या पडद्यावर आणून देणारी साधनं केली आहेत. ज्या झगमगाटापासून डोळे वाचावेत म्हणून आपण मॉनिटरवर जाळीची काच लावायचो, तो झगमगाट आता मेन्यूमधून निवडता येतो.

दुसरी अडचण शिफ्टची. या खेळाचा अर्धा जीव शिफ्टमध्ये आहे. शिफ्ट दाबून बाण दाबला की राजकुमार जपून एकेक पाऊल टाकतो, कडेशी आला की थांबतो. उडी मारून कठडा धरायचा तोही शिफ्टनंच. मी दुसऱ्या मजल्यावर मोठ्या झोकात उडी घेतली, कठडा धरायला शिफ्ट दाबलं, जरा घाबरून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि राजकुमार अधांतरी असताना लॅपटॉपनं खेळ बाजूला सारून एक पाटी पुढे केली. पाच वेळा शिफ्ट दाबलं की ती येते. आपल्याला दोन कळा एकत्र दाबून ठेवायला त्रास होत असेल तर मदतीची सोय चालू करू का, अशी विचारणा. सोय चांगली आहे, गरजूंना तिचा फार उपयोग आहे. पण तलवारीच्या टोकावर असताना तब्येतीची चौकशी झाली की माणसाचा तोल जातो. मी पाटी बंद करून परत आलो तेव्हा राजकुमार खिळ्यांवर होता.

बोटं मात्र विसरलेली नव्हती. कुठली फरशी सैल, कुठल्या पहारेकऱ्याला आधी मागे सरकू द्यायचं, तिसऱ्या मजल्यावरचा सापळा उठून उभा राहिला की त्याच्याशी लढण्यात अर्थ नाही, त्याला कडेला रेटून खाली पाडायचं, हे सगळं डोक्याला विचारायच्या आधी हात करत होते. ध्वनीकार्डाच्या सोंगातून तलवारींचा तोच खणखणाट येत होता. रंग तेच. तासही तोच. तरी काहीतरी अळणी लागत होतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही असं म्हणतात. डॉसबॉक्सला आणखी एक सोंग आणता येत नाही हे मला चौथ्या मजल्याच्या आसपास लक्षात आलं. प्रोसेसर आहे, कार्ड आहे, मॉनिटरच्या रेघा आहेत. मागे कोणी उभं नाही. मी जबड्यात सापडून दोन तुकडे झालो आणि खोलीत कोणी ‘च्’सुद्धा केलं नाही.

सल्ला आज काही कमी नाही. या खेळाची प्रत्येक फरशी कशी ओलांडायची याची चलत्‌चित्रं आहेत, त्यात माणसं कुठंही न अडखळता वर पोचतात. पण ती आधीच बरोबर असतात. चुकीचा सल्ला, तोही उशिरा, तोही खांद्यावरून, तो कुठून आणायचा?

माझी आई सध्या आमच्याकडे असते. वय अठ्ठ्याहत्तर. क्लासच्या काळात या खेळाशी तिचा संबंध ‘फी भरतोय ती याच्यासाठी का’ या एका वाक्यापुरता होता, आणि त्या वाक्याला मी तेव्हा जे उत्तर दिलं ते इथं सांगायचं कारण नाही. त्या संध्याकाळी ती दिवाणावर मेथी निवडत बसली होती. मला वाटलं तिचं लक्ष नाही.

“पांढरे कपडे घालून तळघरात कशाला शिरला?” मागून आवाज आला.

“शिरला नाही गं, कोंडलाय त्याला.”

“कोणी?”

मग वजिराची गोष्ट सांगावी लागली. ती तिनं मान न वर करता ऐकली आणि एवढंच म्हणाली, “लग्नाला तास देतो म्हणजे फार झालं.” थोड्या वेळानं मेथीची परात उचलून ती खुर्चीच्या मागे येऊन बसली. राजकुमारानं लाल कुपी प्यायली की तिला बरं वाटायचं. “पाणी पी म्हणावं आधी” हे ती प्रत्येक लढाईपूर्वी सांगायची, कुपी असो नसो. सैल फरशी हलली की ‘पडेल, पडेल’ म्हणायची, पडून झाल्यावर. सावलीनं औषध पळवलं तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. “बघ की मेला! दुसऱ्याच्या तोंडातलं!” सावली ही तिची खास वैरीण झाली. मी मनातून फार खूश झालो.

पुढचे दोन-तीन दिवस संध्याकाळी सातला ती स्वतःच येऊन बसायला लागली. आठव्या मजल्यावर राजकुमार बंद दारामागे अडकतो, बाहेर जायचा काही मार्ग राहत नाही, आणि मग राजकन्येनं पाठवलेला एक पांढरा उंदीर तुरुतुरु येऊन नेमक्या फरशीवर बसतो, दार उघडतं. आईनं पडद्याला हात जोडले. तिचा उंदरांशी असलेला जन्माचा दावा त्या क्षणी मिटला असं नाही, पण या एका उंदराला तिनं बाजूला काढलं. नवव्या मजल्यावर एक कुपी प्यायली की सगळं चित्रच उलटं होतं, जमीन वर, छत खाली; तेव्हा तिनं परात खाली ठेवून लॅपटॉप उलटा धरून पाहू या असं सुचवलं. आमच्या क्लासमध्ये हे कोणाला सुचलं नव्हतं. तिथला मॉनिटर उचलायला दोन माणसं लागायची, हेही आहे.

बाराव्या मजल्यावर, मनोऱ्याच्या टोकाशी, सावली पुन्हा समोर येते. या वेळी तलवार उपसून. आम्ही मुलांनी इथं महिनेच्या महिने घालवले होते. तिला मारलं की आपलाच त्रिकोण जातो. तिला ठार केलं की आपण ठार. तरी आम्ही मारतच होतो, कारण मागून पाचजण ‘मार, मार’ ओरडत होते आणि सगळ्यांच्या मनात पाचव्या मजल्यावरची कुपी होती. मेगाहिटचाही उपयोग होत नसे. अखेर उत्तर आलं ते कोल्हापूरहून बदली होऊन आलेल्या एका मुलाकडून: खाली बाण दाबून तलवार म्यान करायची. सावलीही म्यान करते. मग सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, आणि दोघं एक होतात. त्या दुपारी आमच्यापैकी कोणी फारसं बोललं नव्हतं. इतके महिने केलेली मारामारी वाया गेल्याचं ते दुःख होतं, दुसरं काही नाही.

आता मला उत्तर पाठ होतं. बोट खालच्या बाणावर होतं. पण दाबलं नाही. म्हटलं, सल्लागारांचं काय मत आहे ते तर कळू दे.

आई चष्मा सारखा करून पुढे झुकली. “हा तोच ना, तुझं औषध प्यायलेला?”

“तोच.”

“आणि दार पाडलेला?”

“तोच गं.”

सावलीनं एक वार केला. राजकुमारानं अडवला. आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, अगदी सावकाश, जणू साठ मिनिटं तिच्यासाठी थांबणार होती. “चण तुझ्या त्या माणसासारखीच आहे. उभा पण तसाच राहतोय,” ती म्हणाली. “घरातलाच असणार. मिटवून टाक.”

मी बाण दाबला. तलवारी म्यान झाल्या, दोघं एकमेकांवर चालत गेले, पडदा लखकन चमकला आणि राजकुमार एकटा उरला. आईला यात विशेष काही वाटलं नाही. तिला काळजी होती ती समोरच्या पोकळीची, कारण पुढे वाट संपली होती आणि मी राजकुमाराला तिकडेच पळवत होतो. “अरे, पुढे काही नाही! अरे!” पायाखाली एकेक फरशी आपोआप येत गेली. तिनं माझा खांदा घट्ट धरला होता, त्यामुळे पुढे जाफरशी लढताना माझे दोन त्रिकोण फुकट गेले, पण जाफर पडला. राजकन्या धावत आली. वाळूच्या घड्याळात थोडी मिनिटं शिल्लक होती.

“संपलं?” आईनं विचारलं.

“संपलं.”

“मग परत लाव, पहिल्यापासून. सुरुवातीचं मी नीट बघितलं नाही.” तिनं खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. “आणि आता मी सांगेन तेव्हाच उडी मारायची.”